पट्टिताश्मांची कालगणना

पट्टिताश्म हा खडक एकदाच घडत नाही. आधी तो भूगर्भात थिजलेला ग्रॅनाइट असतो किंवा समुद्रतळावर साचलेला गाळ असतो. मग पर्वतरांगा उभ्या राहताना तो कित्येक किलोमीटर खोल गाडला जातो, पाचशे-सातशे अंश सेल्सिअस तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली, न वितळता, त्यातील जुनी खनिजे मोडून नवी तयार होतात, काळ्या आणि पांढऱ्या खनिजांचे पट्टे वेगळे पडतात, आणि वरचा भार झिजून गेल्यावर तो पुन्हा पृष्ठभागी येतो. पृथ्वीच्या जुन्या कवचात हे सारे दोनदा-तीनदाही घडून गेलेले आढळते. त्यामुळे अशा खडकाचे वय किती, हा प्रश्न विचारताच दुसरा प्रश्न उभा राहतो: वय कशाचे मोजायचे? मूळ शिलारस गोठल्याचे, रूपांतरणाचे, की खडक अखेरचा निवाल्याचे? समस्थानिकांच्या साहाय्याने केलेल्या कालमापनाचा इतिहास बहुतेक ठिकाणी उपकरणांच्या वाढत्या अचूकतेचा इतिहास म्हणून मांडला जातो. रूपांतरित खडकांपुरते पाहिले तर मात्र हाती आलेला आकडा नेमक्या कोणत्या घटनेचा आहे हे ओळखायला शिकणे, हाच त्या इतिहासाचा गाभा ठरतो, आणि त्या शिकण्यात प्रयोगशाळेपेक्षा काकणभर अधिक वाटा हातोडी आणि होकायंत्र घेऊन उघड्या खडकांवर फिरणाऱ्यांचा आहे.

किरणोत्सर्गाचा शोध लागण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, या खडकांचा काळ ठरवण्याचे साधन फार तोकडे होते. जीवाश्मांच्या आधारे गाळाच्या खडकांचा क्रम लावता येत असे; पण कँब्रियन काळापूर्वीच्या रूपांतरित खडकांत ओळखू येतील असे जीवाश्मच नव्हते. म्हणून जो खडक अधिक पिळवटलेला, अधिक स्फटिकमय, तो अधिक जुना, असा एक ठोकताळा जगभर वापरला गेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील सर लुईस फर्मोर यांनी नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या मँगनीजयुक्त खडकांचा आयुष्यभर अभ्यास केला होता. त्यांनी 1936 मध्ये द्वीपकल्पातील प्राचीन सुभाजांचा, म्हणजे पत्र्यासारख्या पापुद्र्यांत फुटणाऱ्या रूपांतरित खडकांचा, परस्परसंबंध जुळवण्याचा जो मोठा प्रयत्न केला तो मुख्यतः खडकांचे प्रकार, त्यांची रचना आणि रूपांतरणाची प्रत यांच्यावरच उभा होता. त्या काळी त्याहून भक्कम पाया कोणापाशीही नव्हता, हे लक्षात घेतले तर त्या परिश्रमाची थोरवी कमी होत नाही.

किरणोत्सर्गाने हे चित्र पालटण्यास सुरुवात झाली ती खनिजांपासून. 1907 मध्ये अमेरिकेतील बर्ट्रम बोल्टवुड यांनी युरेनियमयुक्त खनिजांतील शिशाचे प्रमाण मोजले. युरेनियमच्या क्षयाचे अखेरचे फलित शिसे असावे, या तर्कावरून त्यांनी त्या खनिजांची वये 41 कोटींपासून 220 कोटी वर्षांपर्यंत काढली. पृथ्वी फार तर दोन ते चार कोटी वर्षांची आहे, असे लॉर्ड केल्व्हिन यांनी 1897 मध्ये ठामपणे सांगितल्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती. बोल्टवुड यांच्या यादीतील सर्वांत मोठा आकडा श्रीलंकेतील थोरियनाइट या खनिजाचा होता, आणि तोच सर्वाधिक चुकीचाही होता, कारण थोरियमच्या क्षयातूनही शिसेच निर्माण होते हे त्या वेळी कळलेले नव्हते. त्या खनिजाचे खरे वय त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. लंडनमधील आर्थर होम्स यांनी 1911 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हीच रीत भूवैज्ञानिक काळाच्या मापनासाठी काटेकोरपणे मांडली आणि पुढील अर्धशतक या विषयाचा भार बहुतांशी एकट्याने वाहिला.

1913 मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची संकल्पना मांडली. एकाच मूलद्रव्याचे अणू रासायनिकदृष्ट्या सारखे असूनही वजनाने वेगळे असू शकतात, आणि अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. शिशाच्या बाबतीत याचा अर्थ असा झाला की युरेनियम-238 पासून शिसे-206, युरेनियम-235 पासून शिसे-207 आणि थोरियमपासून शिसे-208 तयार होते, तर शिसे-204 कोणत्याही क्षयातून येत नाही. ते खनिजात पहिल्यापासूनच असते. सगळे शिसे एकत्र तोलून काढलेले वय म्हणूनच विश्वासार्ह नव्हते. हे चारही प्रकार वेगवेगळे मोजण्यासाठी वस्तुमान वर्णपटमापक लागतो. या यंत्रात विद्युत्भारित अणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून वळवला जातो, हलके अणू अधिक वळतात, जड कमी, आणि त्यामुळे ते वेगळे होतात. आल्फ्रेड नियर यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस अशा यंत्राने युरेनियमच्या खनिजांतील शिशाची समस्थानिकीय मोजणी केली आणि तेव्हापासून या शास्त्राला खरा पाया लाभला. दुसऱ्या महायुद्धानंतर रुबिडियम-87 चे स्ट्रॉन्शियम-87 मध्ये आणि पोटॅशियम-40 चे आर्गॉन-40 मध्ये होणारे रूपांतरही वापरात आले. मूळ अणूंपैकी निम्मे क्षय पावण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. ते युरेनियम-238 साठी 447 कोटी वर्षे, युरेनियम-235 साठी सुमारे 70 कोटी, पोटॅशियम-40 साठी 125 कोटी आणि रुबिडियम-87 साठी जवळपास पाच हजार कोटी वर्षे इतके आहे.

या रीतींचे गृहीतक मात्र एकच होते: खनिज तयार झाल्यापासून त्यात बाहेरून काही आले नाही आणि त्यातून काही गेले नाही. रूपांतरण म्हणजे नेमका याच गृहीतकावर आघात. अभ्रक तापले की त्यातील आर्गॉन वायू निसटतो, स्ट्रॉन्शियम शेजारच्या फेल्डस्पारमध्ये किंवा अ‍ॅपेटाइटमध्ये सरकते आणि कालमापन पुन्हा शून्यापासून सुरू होते. आल्प्स पर्वतात एमिली येगर आणि त्यांच्या बर्न येथील सहकाऱ्यांना पट्टिताश्मांतील कृष्णाभ्रकाची, म्हणजे काळ्या अभ्रकाची, वये काही भागांत अवघी एक-दोन कोटी वर्षे आढळली; खडक त्याहून कितीतरी जुने होते. हे आकडे चुकीचे नव्हते. सुमारे 300 अंशांखाली खडक निवला आणि स्ट्रॉन्शियमचे स्थलांतर थांबले, त्या क्षणाचे ते आकडे होते. मार्टिन डॉडसन यांनी 1973 मध्ये या गोष्टीला गणिताचे रूप दिले आणि प्रत्येक खनिजाला, प्रत्येक समस्थानिक-जोडीला तिचे स्वतःचे बंदिस्तीचे तापमान असते हे दाखवून दिले. कृष्णाभ्रकासाठी ते तीनशेच्या आसपास, हॉर्नब्लेंडमधील आर्गॉनसाठी पाचशेच्या आसपास, आणि झिर्कॉनमधील शिशासाठी नऊशे अंशांहून अधिक भरते. एकाच खडकातील तीन खनिजे तीन वये सांगत असतील तर ती तिन्ही खरी असू शकतात, हा निष्कर्ष पहिल्या पिढीतील भूवैज्ञानिकांना पचणे सोपे नव्हते.

निवण्याचे वय कळले, तरी मूळ खडकाचे वय कळायचे राहिलेच. त्यावर निघालेला पहिला तोडगा मोठा सुबुद्ध होता. ऑस्ट्रेलियातील विल्यम कॉम्पस्टन आणि पीटर जेफरी यांनी 1959 मध्ये असे दाखवले की रूपांतरणात स्ट्रॉन्शियम एका खनिजातून दुसऱ्यात जात असले तरी ते फार लांब जात नाही; म्हणून सुट्या खनिजाऐवजी मोठा अखंड नमुना घेऊन तो सबंध कुटला आणि त्याचे पृथक्करण केले, तर आतली हलवाहलव हिशेबात येत नाही आणि मूळ वय हाती लागू शकते. 1961 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लुई निकोलायसेन यांनी याला आलेखाची जोड दिली. एकाच शिलारसातून झालेल्या अनेक नमुन्यांतील रुबिडियमचे प्रमाण आडव्या अक्षावर आणि स्ट्रॉन्शियम-87 चे स्ट्रॉन्शियम-86 शी असलेले प्रमाण उभ्या अक्षावर मांडले, तर आरंभी सारे बिंदू एका आडव्या रेषेवर असतात. काळ लोटतो तशी ज्या नमुन्यात रुबिडियम जास्त तिथे स्ट्रॉन्शियम-87 ही जास्त साठते आणि ती रेषा एका टोकाने वर उचलली जाते. या रेषेला समकालरेषा म्हणतात. तिच्या उतारावरून वय निघते, आणि उभ्या अक्षाला ती जिथे छेदते तिथे आरंभीचे स्ट्रॉन्शियम कसे होते ते कळते. हा दुसरा आकडा पुढे पहिल्याइतकाच मोलाचा ठरला.

युरेनियमच्या बाबतीत असाच मार्ग जॉर्ज वेदरिल यांनी 1956 मध्ये काढला. युरेनियमचे दोन समस्थानिक दोन वेगळ्या गतींनी शिशाचे दोन वेगळे समस्थानिक निर्माण करतात, म्हणून एकाच खनिजात दोन स्वतंत्र मापने चाललेली असतात. ती जुळली तर वय निःशंक असते, आणि अशी जुळणारी सारी वये आलेखावर ज्या एका वक्रावर पडतात त्याला सुमेळ-वक्र म्हणतात. ती जुळली नाहीत, म्हणजे रूपांतरणात काही शिसे निघून गेले असेल, तर त्या खनिजाचे वेगवेगळे कण आलेखावर एका सरळ रेषेत पडतात, आणि ती रेषा सुमेळ-वक्राला दोन ठिकाणी छेदते: वरचा छेद स्फटिक जन्मल्याचा काळ सांगतो, खालचा शिसे गळाल्याचा. रूपांतरणाने केलेली हानी इथे प्रथमच पुरावा म्हणून उपयोगी पडली. त्याच वर्षी क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांतील शिशावरून पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे, त्रुटी 7 कोटी, असे काढले. पृथ्वीचे वय कळले खरे. पण पृथ्वीवरच्या ज्ञात खडकांचा जुनेपणा तीनशे कोटींच्या पुढेमागेच अडखळत होता. मधल्या दीडशे कोटी वर्षांचे काय झाले, हा प्रश्न 1960 च्या दशकात तसाच पडून होता.

त्याचे पहिले ठोस उत्तर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळाले. डॅनिश सरकारच्या ग्रीनलंड भूवैज्ञानिक सर्वेक्षणात 1965 मध्ये दाखल झालेले न्यूझीलंडचे व्हिक मॅकग्रेगर यांना गॉटहोब, म्हणजे आजचे नूक, या गावाभोवतीचा प्रदेश नकाशांकनासाठी मिळाला. फ्योर्डांनी कापलेला हा सारा मुलूख पट्टिताश्मांचा आहे आणि बर्फाने घासून लखलखीत केलेले त्याचे कातळ मैलोन्‌मैल उघडे आहेत. हे पट्टिताश्म मुळात गाळाचेच खडक असून एकाच मोठ्या रूपांतरणात त्यांचे ग्रॅनाइटसदृश खडक झाले, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती, आणि त्या परिसरातील पोटॅशियम-आर्गॉन वयेही सुमारे अडीचशे कोटींच्याच घरात येत असत. मॅकग्रेगर यांनी हे मत बाजूला ठेवून कातळच वाचायला घेतला.

अमेरालिक फ्योर्डच्या काठावर करड्या पट्टिताश्मांत काळ्या खडकाचे पट्टे दिसतात. हा काळा खडक हॉर्नब्लेंडने भरलेला आहे. मुळात तो बेसॉल्टसारखा शिलारस असून भेगांत शिरून भिंतीसारखा उभा गोठला, म्हणून अशा रचनेला भित्ती म्हणतात. जिथे प्रदेशावर ताण फार आला तिथे हे काळे पट्टे करड्या पट्ट्यांना समांतर ओढले गेले आहेत, तुटून त्यांची भिंगे झाली आहेत, आणि ते भित्ती होते हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ताण कमी आलेल्या मोजक्या जागी तीच भित्ती करड्या पट्ट्यांना तिरपी छेदून जाते. छेद दिसला की क्रम ठरतो: भित्ती शिरण्यापूर्वी करडा खडक केवळ अस्तित्वातच नव्हता, तर तो पट्टिताश्म होऊनही गेलेला होता. दुसऱ्या जातीच्या पट्टिताश्मांत मात्र या भित्ती कुठेच नाहीत. उलट त्यांच्या पोटात पहिल्या खडकाचे भित्तीसह तुटलेले तुकडे अडकलेले आहेत. यावरून मॅकग्रेगर यांनी आधीच्या खडकांना अमित्सोक पट्टिताश्म आणि नंतरच्यांना नूक पट्टिताश्म अशी नावे देऊन त्यांच्या मध्ये अमेरालिक भित्तींचा काळ बसवला, आणि सर्वांत शेवटी कोरकुटचा ग्रॅनाइट ठेवला. तो ग्रॅनाइटच सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. त्याआधी इतक्या घटना घडल्या असतील तर अमित्सोक पट्टिताश्म अतिशय प्राचीन असले पाहिजेत, हे त्यांनी 1968 च्या अहवालात कोणत्याही नव्या समस्थानिकीय मापनाविना लिहिले. भूविज्ञानात एका माणसाच्या निरीक्षणशक्तीने प्रयोगशाळेच्या आधी पोहोचल्याची इतकी स्वच्छ उदाहरणे थोडी आहेत.

हे नमुने ऑक्सफर्ड विद्यापीठातील स्टीफन मूरबाथ यांच्या प्रयोगशाळेकडे गेले. मूरबाथ यांचा जन्म 1929 मध्ये जर्मनीतील माग्डेबर्ग येथे झाला, आणि युद्धाच्या तोंडावर ते लहान वयातच इंग्लंडला आले. स्कॉटलंडच्या रूपांतरित प्रदेशांचे कालमापन करून त्यांनी एक दशक हात बसवलेला होता. काम कष्टाचे होते. प्रत्येक ठिकाणचा ताजा, न कुजलेला खडक भरपूर प्रमाणात घ्यायचा, तो कुटून, दळून, चाळून एकजीव करायचा, त्यातील चिमूटभर चूर्ण हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवायचे, राळेच्या कणांनी भरलेल्या नळीतून द्रावण थेंबाथेंबाने सोडून रुबिडियम, स्ट्रॉन्शियम आणि शिसे वेगळे करायचे, आणि मग तो सूक्ष्म अवशेष धातूच्या तारेवर ठेवून वर्णपटमापकात तापवायचा. हवेतल्या धुळीचे शिसे त्यात मिसळले तरी निष्कर्ष बिघडतो. लान्स ब्लॅक, नोएल गेल, मूरबाथ, रॉबर्ट पँकहर्स्ट आणि स्वतः मॅकग्रेगर यांच्या नावे 1971 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शिशाच्या समस्थानिकांवरून तशाच आखलेल्या समकालरेषेवरून अमित्सोक पट्टिताश्मांचे वय 362 कोटी वर्षे, त्रुटी 10 कोटी. पुढच्याच वर्षी रुबिडियम-स्ट्रॉन्शियमच्या अधिक मापनांनी 370 ते 375 कोटींचे आकडे दिले. पृथ्वीवर तोवर इतके जुने काहीही निश्चितपणे ठाऊक नव्हते.

रुबिडियम-स्ट्रॉन्शियमच्या समकालरेषेचा उभ्या अक्षावरचा छेद आणखी काही सांगत होता. आरंभीचे स्ट्रॉन्शियम-87 चे प्रमाण 0.701 च्या आसपास, म्हणजे त्या काळच्या प्रावरणात, कवचाखालच्या जाड थरात, असायला हवे तितकेच कमी होते. हे खडक त्याआधी कित्येक कोटी वर्षे रुबिडियमसंपन्न खंडीय कवच म्हणून नांदले असते, तर तो आकडा चढलेला दिसला असता. शिशाची साक्षही तीच होती. अमित्सोक पट्टिताश्मांतील शिसे हे पृथ्वीवर मोजलेल्या सर्वांत आदिम शिशांपैकी आहे. म्हणजे त्यांचे मूळ खडक प्रावरणातून फार आधी बाहेर पडलेले नव्हते, आणि ही वये केवळ रूपांतरणाची नसून कवचाच्या जन्माच्याही जवळची होती. जुना गाळ ग्रॅनाइट होतो ही समजूत याने मागे पडली. मूरबाथ यांनी 1975 मध्ये याच आधारावर असे मत मांडले की खंडे एकाच जुन्या साहित्यातून पुन्हा पुन्हा घडवली गेली नसून प्रावरणातून टप्प्याटप्प्याने वाढत गेली. या मतावर वाद झाला, अजूनही होतो. पण वादाची भाषा त्यानंतर समस्थानिकांचीच राहिली.

गॉटहोबच्या ईशान्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर, हिमस्तराच्या अगदी कडेला, इसुआ नावाची जागा आहे. 1960 च्या दशकात एका डॅनिश खाणकंपनीला तिथे लोहखनिज सापडले होते. मॅग्नेटाइट आणि क्वार्ट्‌झ यांचे आलटून पालटून पातळ थर असलेला तो पट्टित लोहखडक पाण्याखाली साचलेला आहे, आणि त्याच्या शेजारी पाण्यात ओतलेल्या लाव्ह्याच्या उशीसारख्या गोलाकार आकृतीही आहेत. मूरबाथ, कीथ ओनायन्स आणि पँकहर्स्ट यांनी 1973 मध्ये या लोहखडकाचे वय 376 कोटी वर्षे, त्रुटी 7 कोटी, असे जाहीर केले. हा आकडा बहुधा रूपांतरणाचा, म्हणून खडकाच्या वयाची किमान मर्यादा. साचण्याचा काळ त्याच्या आधीचाच असणार. पुढील अर्धशतकात अधिक सूक्ष्म मापनांनी इसुआचे निरनिराळे भाग 370 ते 380 कोटींमध्ये बसवले. पृथ्वी जन्मल्यानंतर शंभर कोटी वर्षांच्या आतच तिच्यावर पाणी साठलेले होते, समुद्रतळ होता, झीज आणि निक्षेपण होत होते, हे इसुआमुळे तर्काच्या कक्षेतून वस्तुस्थितीच्या कक्षेत आले, आणि विसाव्या शतकातील भूविज्ञानाने पृथ्वीविषयी जे सांगितले त्यात या निष्कर्षाचे स्थान फार वरचे आहे.

इथे एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे जुनी पुस्तके वाचताना गोंधळ उडतो. रुबिडियमचे अर्धायुष्य इतके प्रदीर्घ आहे की ते प्रयोगशाळेत अचूक मोजणे अवघड जाते. 1977 पर्यंत अनेक प्रयोगशाळा ते सुमारे 4,990 कोटी वर्षे धरत. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय संमतीने ते 4,880 कोटी ठरले, आणि जुन्या आकड्याने काढलेली रुबिडियमची वये सुमारे दोन टक्क्यांनी उतरली. अमित्सोकचे 375 कोटी एका रात्रीत 367 कोटी झाले. 2015 मध्ये नव्या शिफारशीने ते अर्धायुष्य पुन्हा 4,960 कोटींच्या आसपास नेले. खडकाला कोणी हात लावला नव्हता. एखाद्या जुन्या ग्रंथातील आकडा आजच्या आकड्याशी ताडताना तो कोणत्या स्थिरांकाने काढला आहे हे आधी पाहावे लागते.

सबंध खडकाच्या समकालरेषेलाही मर्यादा होत्या. दोन वेगळ्या उत्पत्तीचे नमुने एका आलेखावर मांडले तर केवळ त्यांच्या मिश्रणामुळेही सरळ रेषा येऊ शकते, आणि तिच्या उतारावरून निघणारे वय कोणत्याही घटनेचे नसते. 1980 च्या दशकात लक्ष वळले ते झिर्कॉनकडे. झिर्कोनियम सिलिकेटचे हे स्फटिक सहसा वाळूच्या बारीक कणाएवढे असतात. वाढताना ते युरेनियम आत घेतात आणि शिसे जवळपास संपूर्णपणे नाकारतात, म्हणून आज त्यांत सापडणारे शिसे क्षयातूनच आलेले असते. ते इतके टणक आणि उष्णतेला चिवट आहेत की रूपांतरणातही जुना गाभा टिकून राहतो आणि त्याच्यावर नवे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चढत जातात. सबंध स्फटिक विरघळवला तर गाभा आणि थर यांची सरासरी हाती येते, जिला अर्थ नसतो. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात कॉम्पस्टन यांनी यावर उपाय म्हणून श्रिम्प या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अवाढव्य आयन-सूक्ष्मशोधक उभारला. खडक कुटायचा, जड कण पाण्याने, चुंबकाने आणि जड द्रवाने वेगळे करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक झिर्कॉन सुईने वेचून राळेत बसवायचा, तो अर्धा घासून आतले थर उघडे करायचे, आणि मग ऑक्सिजन आयनांचा बारीक झोत मिलिमीटरच्या तीसाव्या-चाळीसाव्या भागाएवढ्या ठिपक्यावर सोडायचा. त्यामुळे गाभ्याचे वय वेगळे आणि थराचे वेगळे कळू लागले.

1983 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट नॅरियरच्या क्वार्टझाइटमध्ये 410 ते 420 कोटी वर्षांचे चार झिर्कॉन सापडले, आणि 2001 मध्ये जवळच्याच जॅक हिल्समधील एका कणाचे वय 440 कोटी ठरले. मात्र हे कण ज्या खडकात आहेत तो गाळाचा रूपांतरित खडक त्यांच्याहून शंभर कोटींहून अधिक वर्षांनी तरुण आहे. कणांचे मूळ खडक केव्हाच झिजून नाहीसे झाले. अखंड खडकाचा मान कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील अकास्टा नदीकाठच्या पट्टिताश्मांकडे गेला. सॅम्युएल बाउरिंग, इयन विल्यम्स आणि कॉम्पस्टन यांनी 1989 मध्ये त्यांचे वय 396 कोटी आणि पुढे 1999 मध्ये बाउरिंग आणि विल्यम्स यांनी 403 कोटी वर्षे दाखवले. क्विबेकमधील नुव्वुआगिट्टुक या पट्ट्याविषयी 2008 मध्ये 428 कोटींचा दावा झाला. तो सॅमेरियमच्या निओडिमियममध्ये होणाऱ्या क्षयावर आधारलेला आहे, आणि तो आकडा खडकाच्या जन्माचा की त्याच्या द्रव्याने फार पूर्वीपासून बाळगलेल्या वारशाचा, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

वारशाचा हा प्रश्न ग्रीनलंडमध्ये सर्वांत तीव्र झाला. गॉटहोबच्या दक्षिणेस अकिलिया या छोट्या बेटावरील खडकात 1996 मध्ये जीवसृष्टीच्या कार्बनी खुणा असल्याचे सांगितले गेले, आणि त्या खडकाला छेदणाऱ्या पट्टिताश्मातील झिर्कॉनवरून त्याचे वय 385 कोटींहून अधिक मानले गेले. मूरबाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यास हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की सबंध खडकातील शिशाचे वय जर 365 कोटींच्या आसपास असेल, तर 385 कोटींचे झिर्कॉन हे शिलारसाने आणखी जुन्या खडकातून उचलून आणलेले पाहुणे असू शकतात. दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ ते खडकाचेच मानत. शिवाय तो छेद खरोखर छेद आहे का, यावरही बेटावर जाऊन आलेल्यांत मतभेद झाले. यंत्राची अचूकता लाखातल्या काही भागांपर्यंत पोहोचलेली असताना निर्णय पुन्हा एका कातळावरच्या सांध्याकडे येऊन थांबला. त्या खुणा जीवसृष्टीच्या आहेत हे मत पुढे बरेच दुबळे झाले, आणि ते योग्यच झाले.

भारतातही हीच गोष्ट लहान प्रमाणावर घडली. म्हैसूर संस्थानाचे भूवैज्ञानिक डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी 1916 मध्ये दक्षिणेतील विस्तीर्ण पट्टिताश्मांना द्वीपकल्पीय पट्टिताश्म हे नाव रूढ केले आणि ते धारवाडच्या सुभाजांत नंतर घुसलेले मानले. इतरांना ते त्या सुभाजांचा पाया वाटत. होम्स यांनी 1950 च्या दशकात बिहार आणि दक्षिण भारतातील युरेनियम-खनिजांच्या वयांवरून द्वीपकल्पाचा पहिला कालक्रम मांडला, पण पट्टिताश्मांचे कोडे सुटले नाही. 1980 मध्ये कर्नाटकातील हासन-गोरूर भागातील पट्टिताश्मांचे रुबिडियम-स्ट्रॉन्शियम वय 336 कोटी आले, आणि पुढच्या मापनांनी द्वीपकल्पीय पट्टिताश्म या एका नावाखाली कोट्यवधी वर्षांच्या अंतराने घडलेले अनेक खडक आहेत हे स्पष्ट केले. काही सुभाजांचा पाया, काही त्यांत घुसलेले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. झारखंड-ओडिशातील सिंगभूमच्या पट्टिताश्मांना 1981 मध्ये 378 कोटी वर्षांचे वय देण्यात आले तेव्हा ग्रीनलंडशी बरोबरी झाल्याचा आनंद झाला. परंतु 1986 मध्ये त्याच मूरबाथ यांनी शिशाच्या समकालरेषेवरून ते 338 कोटींवर आणले, आणि आज तोच आकडा वास्तवाच्या जवळचा मानला जातो. त्याच सिंगभूमच्या एका पट्टिताश्मात 2018 मध्ये 424 कोटी वर्षांचा झिर्कॉन सापडला आहे. तोही पाहुणाच.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने झाकलेला असल्यामुळे हे खडक सिंधुदुर्ग, भंडारा, गोंदिया, गडचिरोली अशा कडेच्या जिल्ह्यांतच उघडे आहेत. कोयनेजवळच्या विंधनविवरात ते सुमारे 930 मीटर लाव्ह्याखाली लागले. गोव्यातून कर्नाटकात चढणाऱ्या अनमोड घाटातील पट्टिताश्माचे वय 1987 मध्ये रुबिडियम-स्ट्रॉन्शियमने 340 कोटी वर्षे, त्रुटी 14 कोटी, असे काढले गेले, आणि गोव्याच्या साऱ्या भूरचनेचा पाया म्हणून आजही त्याचाच हवाला दिला जातो. ती त्रुटीच दख्खनच्या लाव्ह्याच्या वयाच्या दुपटीहून मोठी आहे. तो आकडा नेमका कशाचा, हे ठरवायचे असेल तर झिर्कॉनच्या मापनाआधी घाटातील आणि तळकोकणातील कातळांचे मॅकग्रेगर यांच्यासारखे पायी फिरून केलेले नकाशे हवेत. रस्त्यांच्या आणि खाणींच्या ताज्या कापांत ते खडक आज जितके स्वच्छ दिसतात तितके झुडपांनी वेढल्यावर दिसणार नाहीत, म्हणून कोकण आणि गोव्यातील महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांनी हे काम आताच हाती घ्यावे.